हिट भागिले किती? बेसबॉलमधील बॅटिंगच्या आकड्यांचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेत मी गणित शिकवतो आणि मुलींच्या सॉफ्टबॉल संघाचे स्कोअरबुकही सांभाळतो. गेल्या हंगामात एका सामन्यानंतर मी फळ्यावर प्रत्येकीची बॅटिंग सरासरी लिहीत होतो. आठवीतल्या एका डावखुऱ्या मुलीच्या नावापुढे .५०० हा आकडा लिहिताच मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, थे चारदा बॅटिंगले गेली, हिट एकच हाये. एकाले चारनं भागलं तं पाव येते. तुमी अर्धा काहून लिवला जी?”

प्रश्न रास्त होता आणि विचारणारीचा भागाकारही बरोबर होता. चुकला होता तो फक्त छेद. बेसबॉल आणि सॉफ्टबॉल या दोन्ही खेळांत बॅटिंगचा हिशेब एकाच पद्धतीने मांडतात, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक आकडा हा पाचवी-सहावीत शिकवतो तसा साधा अपूर्णांक असतो. अंशात काय येते हे सहज कळते. सगळा पेच छेदात काय धरायचे आणि काय वगळायचे याचा असतो. छेद बदलला की आपण खेळाडूला विचारलेला प्रश्नच बदलतो. त्या दिवशी धडा बाजूला ठेवून मुलींना जे सांगितले, तेच इथे जरा विस्ताराने मांडतो आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. मैदानात एका चौकोनाचे चार कोपरे असतात: होम प्लेट, पहिला बेस, दुसरा बेस आणि तिसरा बेस. बॅटर होम प्लेटपाशी उभी राहते, पिचर चेंडू टाकते, आणि चारही कोपरे ओलांडून घरी परतले की एक रन होतो. बॅटरने चेंडू मारला आणि क्षेत्ररक्षकांच्या चुकीशिवाय ती पहिल्या बेसवर किंवा त्याहून पुढे सुखरूप पोचली, तर ती हिट. पिचरने बॅटरच्या मारण्याच्या पट्ट्याबाहेर चार चेंडू टाकले आणि बॅटरने ते सोडून दिले, तर तिला पहिला बेस आयता मिळतो. त्याला वॉक म्हणतात. चेंडू अंगावर आदळला तरीही बेस मिळतो.

बॅटर प्लेटवर गेली आणि तिचा निकाल लागला, म्हणजे एक खेप झाली. अशी प्रत्येक खेप स्कोअरबुकात नोंदली जाते आणि तिला प्लेट अपिअरन्स म्हणतात. मात्र बॅटिंग सरासरीच्या छेदात सगळ्या खेपा धरत नाहीत. वॉक मिळालेली खेप वगळतात, चेंडू अंगावर लागलेली वगळतात, बॅटरच्या मागे बसणाऱ्या कॅचरच्या अडथळ्यामुळे बेस मिळालेली वगळतात, आणि दोन प्रकारच्या ‘सॅक्रिफाइस’ खेपाही वगळतात. त्यातली पहिली सॅक्रिफाइस बंट: दोनपेक्षा कमी बाद असताना बॅटर चेंडू हळूच जमिनीवर टेकवते, स्वतः बाद होते, पण बेसवरच्या सहकारीला पुढे सरकवते. दुसरी सॅक्रिफाइस फ्लाय: बॅटरचा उंच चेंडू दूरवर झेलला जातो, पण झेल होताच तिसऱ्या बेसवरची मुलगी धावत घरी येते आणि रन होतो. हे सर्व वजा केल्यावर ज्या खेपा उरतात त्यांना ॲट बॅट म्हणतात. मी मुलींना ‘हिशेबी खेपा’ असे सांगतो. हिट भागिले हिशेबी खेपा, म्हणजे बॅटिंग सरासरी.

आमच्या डावखुऱ्या मुलीच्या चार खेपांत दोन वॉक होते. तिसऱ्या खेपेत तिने सेंटरच्या बाजूला हिट मारली आणि चौथ्या खेपेत दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाकडे, म्हणजे शॉर्टस्टॉपकडे, जमिनीवरून चेंडू मारून ती पहिल्या बेसवर बाद झाली. स्कोअरबुकात या शेवटच्या खेपेच्या चौकोनात ६-३ एवढेच लिहिलेले असते, कारण शॉर्टस्टॉपचा क्रमांक सहा आणि पहिल्या बेसवाल्या खेळाडूचा तीन. चारांतून दोन वॉक गेले, हिशेबी खेपा उरल्या दोन, हिट एक, म्हणून अर्धा. हा आकडा तीन दशांश स्थळांपर्यंत लिहितात आणि आधीचे शून्य गाळून ‘पाचशे’ असा वाचतात. म्हणजे हा दरहजारी हिशेब आहे: हजार हिशेबी खेपांना पाचशे हिट.

वॉक का वगळायचे, हा पुढचा प्रश्न लगेच आला. त्यासाठी मी कापसाचे उदाहरण घेतले, कारण वर्गातल्या बहुतेक घरी पऱ्हाटी आहे. जिनिंगमध्ये रुईचा उतारा काढतात. एका क्विंटल कापसातून साधारण तेहतीस ते पस्तीस किलो रुई निघते, बाकी सरकी. पण तोच कापूस पाणी मारून किंवा दवात भिजलेला तोलला, तर वजनात ओल धरली जाते आणि उतारा कमी दिसतो. रुई कमी झालेली नसते, छेद फुगलेला असतो. बॅटिंग सरासरीला एकच गोष्ट विचारायची आहे: बॅटने काही करून दाखवण्याची संधी जेव्हा खरोखर मिळाली, तेव्हा किती वेळा हिट निघाली? ज्या खेपेत पिचरने मारण्याजोगा चेंडूच दिला नाही, ती खेप या प्रश्नापुरती ओल आहे.

आता हिट कशाला म्हणायचे, यावर थोडे थांबायला हवे, कारण इथे गणित संपते आणि माणसाचा निवाडा सुरू होतो. बॅटर पहिल्या बेसवर पोचली म्हणजे हिट झालीच असे नाही. क्षेत्ररक्षकाला साधारण प्रयत्नात जो चेंडू अडवता आला असता तो त्याने सोडला, किंवा फेक भलतीकडे गेली, तर ती एरर. बॅटर बेसवर उभी असते, पण पुस्तकात तिची ही खेप बाद झाल्यासारखीच धरतात: हिशेबी खेपांत एक वाढते, हिटांत काहीच नाही. तसेच, आधीच बेसवर असलेल्या धावणाऱ्या मुलीला बाद करण्यासाठी क्षेत्ररक्षकाने चेंडू तिकडे फेकला आणि त्यामुळे बॅटर वाचली, तर तीही हिट नाही.

आमच्या मैदानावर हा निवाडा सोपा नसतो. काळी माती दिवाळीनंतर वाळली की हाताचे बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि सरळ येणारा चेंडू भेगेच्या कडेला लागून एकदम खांद्याएवढा उसळतो. अशा वेळी सुटलेला चेंडू मी एरर लिहीत नाही. नियमही हेच सांगतो: चेंडू अनपेक्षित उसळल्यामुळे साधारण प्रयत्नात तो अडवता येत नसेल, तर ती हिट. चेंडू पायांखालून गेला, उसळी सरळ होती आणि मुलगी जागेवर होती, तर मात्र एरर. हा निर्णय मी त्या क्षणी पेन्सिलने लिहितो आणि डाव संपेपर्यंत बदलत नाही. कोणाच्या चेहऱ्याकडे पाहून खोडरबर उचलले की पुस्तकाची किंमत गेली.

छेदातल्या बारीक फरकाने काय होते, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण टेड विल्यम्स यांचे. १९४१ च्या हंगामातल्या शेवटच्या दिवशी बोस्टन रेड सॉक्सच्या या बॅटरचे ४४८ हिशेबी खेपांत १७९ हिट होते. भागाकार येतो .३९९५५, आणि तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत तो .४०० असाच लिहिला गेला असता. त्या दिवशी फिलाडेल्फियात दोन सामने होते. बाहेर बसून चारशेचा आकडा राखण्याची मुभा त्यांना होती. ते दोन्ही सामने खेळले, आठपैकी सहा हिट मारल्या आणि ४५६ पैकी १८५, म्हणजे.४०६ वर थांबले. त्यानंतर मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या, अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगांत बॅटिंगचे विजेतेपद मिळवताना कोणीही चारशेपर्यंत पोचलेले नाही. त्यातली फारशी न सांगितली जाणारी बाब अशी की, त्या काळी सॅक्रिफाइस फ्लाय हिशेबी खेप धरली जात असे. ती वगळण्याचा आजचा नियम १९५४ मध्ये आला. आजच्या नियमाने मोजले तर विल्यम्स यांचा छेद आणखी लहान आणि सरासरी .४०६ पेक्षा मोठी झाली असती. म्हणून दोन काळांतले आकडे शेजारी ठेवण्याआधी त्या-त्या वर्षी छेदात काय धरत होते ते पाहावे लागते.

आपल्याकडच्या वाचकाला ही गोष्ट क्रिकेटवरून चटकन समजावी. डॉन ब्रॅडमन यांची कसोटी सरासरी ९९.९४ आहे, ती ६,९९६ धावा भागिले ७० अशी. ते ८० डाव खेळले, पण दहा वेळा नाबाद राहिले, आणि क्रिकेटने छेदात डाव न धरता बाद होणे धरले आहे. ८० ने भागले तर ८७.४५ येतात. दोन्ही भागाकार अचूक आहेत, प्रश्न वेगळे आहेत. बेसबॉलच्या हिशेबाची घडी बसवणाऱ्यांत ज्यांचे नाव सर्वप्रथम घेतात ते हेन्री चॅडविक हे १८२४ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत क्रिकेटच्या बातम्या लिहिणारे पत्रकार होते. सामन्याचा तक्ता वर्तमानपत्रात छापण्याची क्रिकेटची सवय त्यांनी बेसबॉलमध्ये आणली. मात्र क्रिकेटमधला चांगला फलंदाज तासन्‌तास टिकतो, तर बेसबॉलमधला उत्तम बॅटरही दहांपैकी सात वेळा बाद होतो. म्हणूनच .३०० हा आकडा तिथे मानाचा समजतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्या मुलींना तो नापास झाल्यासारखा वाटतो, आणि हे समजावायला दरवर्षी मला अर्धा तास लागतो.

इथवर बॅटिंग सरासरीची बाजू मांडली. आता तिचा दोष. वॉक वगळणे तिच्या प्रश्नापुरते योग्य असले, तरी वॉक मिळवणे हे काही फुकटचे काम नाही. बाहेरचा चेंडू ओळखून बॅट खांद्यावर धरून ठेवणे हे कौशल्य आहे, आणि संघाच्या दृष्टीने त्याचे फळ मोठे: बॅटर बेसवर गेली आणि बाद वाया गेला नाही. सॉफ्टबॉलच्या सात डावांत संघाला एकवीस बाद मिळतात, बेसबॉलच्या नऊ डावांत सत्तावीस. एवढीच पुंजी. ती न खर्चता बेसवर कोण पोचते, हा खरा प्रश्न. वॉकचे करायचे काय, हा घोळ तसा जुना आहे. १८८७ च्या हंगामात तर वॉक चक्क हिट म्हणून मोजले गेले आणि सरासऱ्या इतक्या फुगल्या की पुढच्याच वर्षी तो नियम मागे घ्यावा लागला. योग्य वाट वेगळा अपूर्णांक तयार करण्याची होती. बेसबॉल संघांचे व्यवस्थापक ब्रँच रिकी आणि त्यांचे आकडेतज्ज्ञ ॲलन रॉथ यांनी १९५० च्या दशकात तो ठामपणे पुढे मांडला, आणि मेजर लीगने १९८४ मध्ये तो अधिकृत केला. तो म्हणजे ऑन बेस पर्सेंटेज, बोलण्यात ओबीपी.

ओबीपीच्या अंशात हिट, वॉक आणि चेंडू अंगावर लागल्याने मिळालेले बेस असतात. छेदात हिशेबी खेपा, वॉक, अंगावर लागलेले चेंडू आणि सॅक्रिफाइस फ्लाय असतात. सॅक्रिफाइस बंट छेदातही नाही, कारण तो बहुतेक वेळा कोचच्या खुणेवरून खेळलेला असतो. बॅटरला बेसवर पोचण्याचा प्रयत्नच करू दिलेला नसतो. सॅक्रिफाइस फ्लाय मात्र छेदात येतो, कारण बॅटर मारायला गेली होती आणि झेलबाद झाली. यातून एक गमतीदार शक्यता निघते, ती मुलींना फार आवडली. समजा एखादीच्या पाच खेपा झाल्या: दोन हिट, दोनदा बाद, एक सॅक्रिफाइस फ्लाय, वॉक एकही नाही. तिची सरासरी दोन भागिले चार, म्हणजे .५००, ओबीपी दोन भागिले पाच, म्हणजे.४००. बेसवर पोचण्याचा दर हिटच्या दरापेक्षा कमी! कागदावर हे अशक्य वाटते, पण छेद पाहिला की उलगडते.

आता आमच्या संघातल्या दोन मुलींच्या ओळी शेजारी ठेवतो. दोघींच्याही हंगामात पन्नास खेपा झाल्या. डावखुऱ्या मुलीला आठ वॉक मिळाले, एकदा चेंडू अंगावर लागला, दोन बंट आणि एक सॅक्रिफाइस फ्लाय झाला; उरल्या अडतीस हिशेबी खेपा आणि त्यांत बारा हिट. सरासरी .३१६. दुसरी मुलगी वाऱ्यासारखी धावणारी. तिला एकच वॉक मिळाला आणि चार बंट खेळावे लागले. पंचेचाळीस हिशेबी खेपांत तिच्या पंधरा हिट. सरासरी .३३३. नुसत्या सरासरीने दुसरी पुढे आहे. पण ओबीपी काढला तर डावखुरीचे अठ्ठेचाळीसपैकी एकवीस, म्हणजे .४३८, आणि दुसरीचे सेहेचाळीसपैकी सोळा, म्हणजे .३४८. पहिल्या क्रमांकावर कोणाला पाठवायचे याचे उत्तर इथे पालटले.

सरासरीचा आणखी एक दोष असा की तिच्या लेखी सगळ्या हिट सारख्या. पहिल्या बेसपर्यंतची सिंगल आणि कुंपणापार गेलेला होमरन, दोन्ही अंशात एकच भर घालतात. ही उणीव स्लगिंग भरून काढते. तिच्या अंशात बेस मोजतात: सिंगलला एक, डबलला दोन, ट्रिपलला तीन, होमरनला चार. छेद मात्र पुन्हा हिशेबी खेपांचाच. डावखुरीच्या बारा हिटमध्ये सात सिंगल, तीन डबल, एक ट्रिपल आणि एक होमरन होता. सात अधिक सहा अधिक तीन अधिक चार, म्हणजे वीस बेस. वीस भागिले अडतीस, म्हणजे .५२६. दुसरीच्या पंधराही हिट सिंगल, म्हणून तिचे स्लगिंग सरासरीएवढेच, .३३३. या आकड्याला इंग्रजीत टक्केवारी म्हणतात, पण ती टक्केवारी नव्हे. प्रत्येक खेपेत होमरन मारला तर उत्तर चार येते. ‘दर हिशेबी खेपेमागे किती बेस’ असे वाचले की गोंधळ होत नाही.

हे दोन्ही आकडे एकाच माणसाच्या बाबतीत किती ताणले जाऊ शकतात ते पाहायचे तर बॅरी बॉन्ड्स यांचा २००४ चा हंगाम घ्यावा. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून खेळताना त्यांच्या ६१७ खेपा झाल्या, पण हिशेबी खेपा फक्त ३७३, कारण पिचर त्यांना चेंडू द्यायलाच तयार नव्हते. २३२ वॉक, त्यांतले १२० तर उघडउघड जाणूनबुजून दिलेले. नऊदा चेंडू अंगावर लागला आणि तीन सॅक्रिफाइस फ्लाय. हिट १३५, सरासरी .३६२. ही सरासरी उत्तम आहे, पण इतिहासात अशा अनेक सापडतील. ओबीपी काढा: १३५ अधिक २३२ अधिक ९, म्हणजे ३७६, भागिले ६१७, उत्तर .६०९. दर पाच खेपांपैकी तीन वेळा हा माणूस बेसवर होता. मेजर लीगच्या एका हंगामात दुसऱ्या कोणी असे केलेले नाही. त्यांच्या हिटमध्ये ६० सिंगल, २७ डबल, ३ ट्रिपल आणि ४५ होमरन होते. बेस झाले ३०३, आणि ३०३ भागिले ३७३ म्हणजे.८१२. नुसती सरासरी छापली असती तर या हंगामाचे वेगळेपण वाचकाला कळलेच नसते. बॉन्ड्स यांच्या नावावर उत्तेजक द्रव्यांच्या वादाचे सावट आहे हे खरे, पण भागाकाराची पद्धत समजून घेण्यासाठी इतके स्पष्ट दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

ओबीपी आणि स्लगिंग यांची बेरीज केली की ओपीएस मिळतो. आमच्या डावखुरीचा .९६४, दुसरीचा .६८१, बॉन्ड्स यांचा १.४२२. गणिताचा शिक्षक म्हणून ही बेरीज मला अजूनही पुरती पटत नाही. छेद वेगळे असले तर आपण लसावि काढतो. इथे तर छेदांचे अर्थच वेगळे आहेत, एकात खेपा आणि दुसऱ्यात फक्त हिशेबी खेपा. शिवाय ओबीपीतला एक सहस्रांश हा स्लगिंगमधल्या एका सहस्रांशापेक्षा रन मिळवून देण्यात अधिक कामाचा असतो, पण बेरजेत दोन्ही सारखेच धरले जातात. तरीही संघाचे रन आणि संघाचा ओपीएस एकमेकांबरोबर चांगलेच वरखाली होतात, म्हणून हा आकडा टिकला. होमरन हा चार सिंगलांइतका मोलाचा नसतो, साधारण सव्वादोन ते अडीच सिंगलांइतका असतो, हे लक्षात घेऊन प्रत्येक घटनेला तिच्या रनमधल्या वाट्याप्रमाणे वजन देणारे नवे आकडेही आता वापरात आहेत. त्यांची वजने दरवर्षी नव्याने काढतात, त्यामुळे शाळेच्या पुस्तकात ते बसत नाहीत.

आरबीआय, म्हणजे बॅटरने किती सहकाऱ्यांना घरी आणले, हा आकडा लोकांना प्रिय आहे. पण तो अपूर्णांकच नाही, नुसती मोजणी आहे, आणि पुढच्या मुली बेसवर असतील तरच तो वाढतो. मी तो लिहितो, त्यावरून संघ निवडत नाही.

वेगवेगळ्या सामन्यांचे आकडे एकत्र कसे करायचे, यात मात्र मोठी माणसेही चुकतात. पहिल्या सामन्यात .५००, दुसऱ्यात .२००, मग दोन्हींची सरासरी .३५०, असे करता येत नाही. समजा कोणी वेचणीआधीच्या सीतादहीच्या पूजेनंतर पहिल्या वेच्याचा दोन क्विंटल कापूस सात हजार रुपये भावाने विकला आणि पुढचा अठरा क्विंटल साडेसहा हजाराने. दोन भावांची मधली संख्या पावणेसात हजार, पण घरी आलेले पैसे एक लाख एकतीस हजार आणि क्विंटलमागे पडलेला भाव ६,५५० रुपये. क्विंटलमागे दोनशे रुपयांची चूक म्हणजे वीस क्विंटलांमागे चार हजार. बॅटिंगचे तसेच: सर्व सामन्यांचे अंश आधी मिळवायचे, सर्व छेद मिळवायचे, आणि भागाकार शेवटी एकदाच.

हे न पाळल्यास काय होते याचा नमुना न्यूयॉर्क यांकीजचे डेरेक जीटर आणि अटलांटा ब्रेव्हजचे डेव्हिड जस्टिस यांच्या आकड्यांत आहे. १९९५ मध्ये जीटर यांची सरासरी ४८ पैकी १२, म्हणजे .२५०, आणि जस्टिस यांची ४११ पैकी १०४, म्हणजे .२५३. जस्टिस पुढे. १९९६ मध्ये जीटर ५८२ पैकी १८३, म्हणजे .३१४, आणि दुखापतीमुळे थोडेच खेळलेले जस्टिस १४० पैकी ४५, म्हणजे .३२१. पुन्हा जस्टिसच पुढे. आता दोन्ही वर्षे एकत्र करा: जीटर ६३० पैकी १९५, म्हणजे .३१०, जस्टिस ५५१ पैकी १४९, म्हणजे.२७०. दोन्ही वर्षे मागे असलेला खेळाडू दोन वर्षांत मिळून चाळीस सहस्रांशांनी पुढे. यात कुठेही लबाडी नाही. जीटर यांच्या बहुतेक खेपा त्यांच्या चांगल्या वर्षातल्या आहेत आणि जस्टिस यांच्या बहुतेक खेपा कमी चांगल्या वर्षातल्या. मी हे चार अपूर्णांक फळ्यावर लिहिले तेव्हा वर्गातल्या मुलींनी ते आपापल्या वहीत तीन-तीनदा पडताळून पाहिले.

यातूनच छेदाच्या आकाराचा मुद्दा येतो. अडतीस हिशेबी खेपांत एक हिट वाढली तर सरासरी .३१६ वरून .३४२ होते, सहाशे खेपांत एका हिटने दोन सहस्रांशही बदलत नाहीत. म्हणून शाळेच्या हंगामातला तिसरा दशांश मी लिहितो, पण त्यावर वाद घालू देत नाही. मेजर लीगने यासाठी उंबरठा घातला आहे: बॅटिंगच्या विजेतेपदासाठी संघाच्या प्रत्येक सामन्यामागे ३.१ खेपा हव्यात, म्हणजे १६२ सामन्यांच्या हंगामात ५०२. १९९६ मध्ये सॅन डिएगोच्या टोनी ग्विन यांच्या ४९८ च खेपा भरल्या. नियमाने त्यांच्या छेदात न झालेल्या चार खेपा रिकाम्या म्हणून घातल्या, ४५१ पैकी १५९ चे ४५५ पैकी १५९ झाले, .३५३ ची सरासरी .३४९ वर आली, आणि तरीही ते सर्वांच्या पुढे राहिल्यामुळे विजेतेपद त्यांनाच मिळाले. २०२४ मध्ये निग्रो लीगचे, म्हणजे कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगचे, आकडे मेजर लीगच्या नोंदीत अधिकृतपणे घेतले गेले आणि टाय कॉब यांना मागे टाकून जॉश गिब्सन .३७२ सह कारकिर्दीच्या सरासरीत पहिले झाले. गिब्सन यांच्यासारख्या खेळाडूंना त्यांच्या वर्णामुळे मेजर लीगमध्ये कधी खेळू दिले गेले नव्हते. कोणाच्या खेपा मोजायच्या, हाही शेवटी हिशेबाचाच प्रश्न होता, आणि तो सुटायला फार उशीर झाला.

हंगाम संपल्यावर मी मुलींकडून ताळा करून घेतो. प्रत्येक संघाच्या एकूण खेपा या तीन गोष्टींच्या बेरजेएवढ्याच असल्या पाहिजेत: त्यांनी केलेले रन, डाव संपताना बेसवर अडकून राहिलेल्या खेळाडू, आणि विरुद्ध संघाने घेतलेले बाद. प्लेटवर गेलेली प्रत्येक मुलगी या तिघांपैकी एका ठिकाणी सापडायलाच हवी. अमरावतीच्या विभागीय स्पर्धेतल्या सामन्याचे पान तपासताना रन सहा, अडकलेल्या सात, बाद एकवीस, म्हणजे चौतीस खेपा यायला हव्या होत्या. रकान्यांची बेरीज मात्र सव्वीस हिशेबी खेपा, पाच वॉक, एक अंगावर लागलेला चेंडू आणि एक बंट, म्हणजे तेहतीसच भरत होती. सरासरीवरून मला अडवणारी मागच्या बाकावरची मुलगीच तेव्हा पान घेऊन बसली होती. तिने एकेक चौकोन बोटाने पुढे सरकत पाहिला आणि तिसऱ्या डावात थांबली. तिथे डावखुरीला वॉक मिळाला होता, पुढच्या बॅटरच्या चेंडूवर ती दुसऱ्या बेसवर बाद झाली होती, आणि त्या बादची खूण नीट करताना कोपऱ्यातली वॉकची खूण खोडरबराने निघून गेली होती. कागदावर पेन्सिलचा ठसा तेवढा उरला होता. उजेडात तिरपा धरल्यावर तो दिसला.

वॉक परत लिहिल्यावर डावखुरीची सरासरी जशी होती तशीच, .३१६ राहिली. ओबीपी सत्तेचाळीसपैकी वीस होता तो अठ्ठेचाळीसपैकी एकवीस झाला, .४२६ चा .४३८. “सरासरी हालली नाही जी, ओबीपी हालला,” असे म्हणत तिने दोन्ही भागाकार वहीत पुन्हा करून पाहिले आणि पान माझ्याकडे सरकवले.